अखंड देवाचा शेजार, आणि तरी अहंकार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरी पारायणाचं व्यासपीठ, म्हणजे पुढे बसून सगळ्यांकडून ओव्या वाचून घेण्याचं काम, तुम्ही बरीच वर्षं चालवलंत. यंदा कमिटीने तुम्हाला न विचारता ते आळंदीला शिकून आलेल्या एका तरुण मुलाकडे दिलं. तुम्ही सातही दिवस मंडपात फिरकला नाहीत, घरीच पोथी वाचलीत, पण डोळे ओव्यांवरून फिरत होते आणि मन मंडपात जाऊन भांडत होतं. आता तुम्ही विचारता की हा अहंकार म्हणायचा की रास्त दुःख? अहंकार असेल तर एवढ्या वर्षांची भक्ती फुकट गेली का? नम्रता मुद्दाम आणता येते का? आणि घरचे म्हणतात की माळ घातल्यापासून तू जास्तच चिडका झालास, तर साधना काही दिवस बंद ठेवू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर नको. बंद ठेवू नका. पहाटेचा काकडा, हरिपाठ, एकादशी जे चालू आहे ते चालू राहू द्या. माझं आयुष्य दिंडीत आणि सप्ताहांच्या मंडपात गेलं. आधी टाळकरी होतो, मग पखवाज वाजवला, पुढे कीर्तन करू लागलो. अभिमान आला म्हणून साधना सोडणारे पाहिले, त्यांचा अभिमान काही सुटला नाही. उलट 'आपण एके काळी किती करत होतो' हा नवा विषय त्याला मिळाला.

आता भक्ती फुकट गेली का, याबद्दल. भागवताच्या दशम स्कंधात रासाचा प्रसंग आहे. गोपी घरदार मागे टाकून धावत आल्या, त्यांच्या प्रेमाबद्दल ही कथा सांगणाऱ्या शुकमुनींना शंका नाही. तरीही कृष्णाचा सहवास मिळताच 'आपल्यासारख्या भाग्यवान आपणच' असं त्यांना वाटू लागलं आणि कृष्ण तिथल्या तिथे अदृश्य झाला. तो का अदृश्य झाला, हे श्लोकातच सांगितलं आहे: 'प्रशमाय प्रसादाय'. त्यांचा मद शांत करण्यासाठी आणि त्यांच्यावर कृपा करण्यासाठी. पुढे जिला तो एकटीला सोबत घेऊन गेला, तिलाही वाटलं की मी सगळ्यांत श्रेष्ठ, आता मला चालवत नाही, उचलून ने. तिथेही तो दिसेनासा झाला. खरं प्रेम असलेल्या माणसालाही अभिमान येतो, हे इतक्या मोठ्या ग्रंथाने इतक्या मोठ्या प्रसंगात सांगून ठेवलं आहे. तेव्हा तुम्हाला राग आला यावरून तुमची भक्ती खोटी होती असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. नारदांच्या भक्तिसूत्रांतही अभिमान आणि दंभ टाकायला सांगितले आहेत ते भक्तालाच. जो भक्तीकडे वळलेलाच नाही, त्याला हे सांगण्याचं कारण नव्हतं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो आणि ती तुम्हाला थोडी लागेल. तुम्ही लिहिता, 'देवापुढे मी रोज नाक घासतो, पांडुरंगापुढे माझा काही अभिमान नाही.' मला त्यात काही विशेष वाटत नाही. देवापुढे वाकणं सोपं आहे. विठ्ठल आपली जागा दुसऱ्याला देत नाही, आपली चूक चारचौघांत काढत नाही, आपल्यापेक्षा गोड आवाजात ओव्या म्हणत नाही. भक्ताच्या अभिमानाची पारख होते ती माणसांपुढे, त्यातही आपल्यापेक्षा वयाने किंवा मानाने लहान असलेल्या माणसापुढे. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या संतांच्या चरित्रांत या विषयाचं मर्म हेच आहे, आणि नामदेवरायांच्या चरित्राइतकं ते स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

गोष्ट तुम्हाला पाठ असेल, तरी आज स्वतःसाठी म्हणून पुन्हा ऐका. नामदेव म्हणजे देवाचा लाडका. देव त्यांच्या हातून जेवतो, त्यांच्याशी बोलतो. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडं भेटली तेव्हा त्यांनी नामदेवांना नमस्कार केला, पण नामदेवांनी उलट नमस्कार केला नाही. मनात असं की मी प्रत्यक्ष पांडुरंगाजवळ राहणारा, मी कुणाच्या पाया का पडायचं? हे मुक्ताईला खटकलं. नामदेवांपेक्षा वयाने लहान असलेली ही मुलगी, तिने सरळ विचारलं:

अखंड जयाला देवाचा शेजार ।
कां रे अहंकार नाहीं गेला ॥
मान अपमान वाढविसी हेवा ।
दिवस असतां दिवा हातीं घेसी ॥

मग गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संत बसलेले असताना तिने काकांच्या हातातलं थापटणं दाखवून विचारलं, काका, हे कशासाठी? काका म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते याने कळतं. मग ही मडकी पाहा ना, असं ती म्हणाली. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत गेले. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र कळवळले, रागावले, घरी बोलावून हा काय अपमान म्हणाले. काकांनी निवाडा दिला: हे मडकं कच्चं.

कीर्तनात आपण इथे थांबतो, लोक हसतात, टाळ वाजतात. पण मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. नामदेव पंढरपुरी आले आणि देवाकडे गाऱ्हाणं केलं की या लोकांनी माझा अपमान केला. देवाने त्यांची बाजू घेतली नाही. गोरोबा म्हणाले ते खरं आहे, तुला गुरू नाही, विसोबा खेचरांकडे जा, असं सांगितलं. ज्याच्या शेजाराचा अभिमान होता, त्यानेच दुसऱ्या माणसाच्या दारी पाठवलं. आणि नामदेव गेले. औंढ्या नागनाथाच्या देवळात पाहतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून झोपलेले. नामदेव रागावले तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवावेत तिथे पिंडी दिसू लागली. परंपरा असंही सांगते की याच विसोबांनी पूर्वी ज्ञानदेवादी भावंडांचा छळ केला होता. असा माणूस नामदेवांचा गुरू झाला.

कुंभाराने कच्चं ठरवलं, धाकट्या मुलीने बोल लावला, आणि एका विचित्र वागणाऱ्या माणसाच्या पायाशी बसावं लागलं. थापटणं बसल्यावर ते चिडले होते हे कोणीच लपवून ठेवलेलं नाही. नामदेवांचं मोठेपण हे की चिडले, तरी गेले. पुढे तेच नामदेव कीर्तनाचा झेंडा घेऊन पंजाबापर्यंत पोचले, घुमानला त्यांचं स्थान आहे, गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. आणि शके १२७२ मध्ये, म्हणजे १३५० साली, त्यांनी समाधी घेतली ती पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वाराच्या पायरीशी, येणाऱ्या-जाणाऱ्या वारकऱ्यांचे पाय लागावेत म्हणून. एके काळी नमस्कार करायला जड जाणारा माणूस सगळ्यांच्या पायांखालची जागा मागून घेतो. नामदेव पायरीवर पाय न देता ती ओलांडून जाताना आपण तिला हात लावून कपाळाला लावतो, तेव्हा हे सगळं आठवावं.

आता तुमच्या मंडपाकडे येऊ. तुमच्या दुःखात दोन धागे गुंतले आहेत आणि ते वेगळे केले पाहिजेत.

पहिला धागा म्हणजे कमिटीने विचारायला हवं होतं, विचारलं नाही. ही तक्रार रास्त आहे. नम्र भक्ताने अशी तक्रार गिळून टाकावी असं आपला संप्रदाय मुळीच सांगत नाही. माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वरांच्या, पालखीची समाज आरती तुम्ही पाहिली असेल. मुक्कामी पालखी पोचते, दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ एकदम चालू असतात. चोपदार दंड वर करतात आणि सगळा तळ क्षणात शांत होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातात, काय झालं ते ऐकतात, निवाडा होतो आणि मगच आरती होते. रथापुढे २७ दिंड्या ठरलेल्या क्रमाने चालतात, त्या क्रमालाही आपण 'मान'च म्हणतो. ज्यांनी ही शिस्त घातली त्यांना माणसाचं मन चांगलं ठाऊक होतं. तक्रार असू शकते, ती सगळ्यांसमोर, आरतीआधी, उघडपणे मांडायची आणि निवाडा झाला की टाळ थांबवायचे. तुम्ही नेमकं उलट केलंत. तक्रार मांडली नाहीत आणि मनातले टाळ अजून वाजताहेत.

दुसरा धागा मुलाचा. तुमच्या पत्रात त्याच्याबद्दल तीन वाक्यं आहेत: कालचं पोरगं, चाल मोबाइलवरून उचलतो, उच्चार शहरी. त्याने तुमचं काय बिघडवलं हे मात्र कुठे नाही. त्याला बोलावलं म्हणून तो आला. इथे मात्र हा शुद्ध अभिमान आहे, आणि त्याला दुसरं नाव देऊ नका.

ज्ञानेश्वरी तुम्ही वर्षानुवर्षं व्यासपीठावरून सांगितली, म्हणून तिच्यातलंच दाखवतो. तेराव्या अध्यायात गीतेतल्या ज्ञानाच्या लक्षणांची यादी सुरू होते ती अमानित्वाने, म्हणजे मानाची हाव नसण्याने, आणि लगेच त्यानंतर अदंभित्व, म्हणजे दिखावा नसणं. माउली अमानी माणसाचं वर्णन कसं करतात? त्याचे असलेलेच गुण कोणी वाखाणू लागलं, मान देऊ लागलं, तर तो व्याधाने कोंडलेल्या हरणासारखा गजबजतो. असलेलेच गुण, हे लक्षात घ्या. खोट्या स्तुतीने नव्हे, खऱ्या स्तुतीने गुदमरतो. आणि पुढे म्हणतात:

चातुर्य लपवी । महत्त्व हारवी ।
पिसेपण मिरवी । आवडोनि ॥

अदंभित्वात दृष्टांत लोभ्याचा दिला आहे. जीव गेला तरी तो पुरलेल्या धनाची जागा सांगत नाही, तसं या माणसाने केलेलं सत्कर्म त्याच्या तोंडून बाहेर येत नाही. तुमच्या पत्रात तुमची पारायणं किती झाली, वाऱ्या किती झाल्या हे पहिल्या चार ओळींतच आलं आहे. मी दोष देत नाही, आपण सगळे असेच बोलतो, हार घालतानाही आधी आकडे सांगतो. पण उपाय कुठून सुरू करायचा हे त्यावरून कळतं. महिनाभर कोणालाही, घरच्यांनाही, आपण काय केलं ते सांगू नका. पोथी वाचली, सांगू नका. उपवास आहे, सांगू नका. पहिले काही दिवस किती घुसमट होते ते पाहा. जेवढी घुसमट होईल तेवढा भाग आजवर माणसांना दाखवण्यासाठी चालला होता.

वारी न करणाऱ्यांना तुम्ही 'कोरडे' म्हणालात, त्यावर मी थोडा कठोर होतो. सावता माळी पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते. अरणला मळ्यात राहिले, 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' म्हणत राहिले. बाकी सगळ्या संतांच्या पालख्या पंढरपुरी येतात, आणि अरणला पांडुरंगाची पालखी जाते. जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करत होती, तिथेच गात होती. तुम्ही वारीला निघता तेव्हा गुरांचं, म्हाताऱ्यांचं, पेरणीचं मागे कोण पाहतं? त्या माउलीच्या पाया पडून निघता का? घरचे चिडका म्हणाले त्याचा राग धरू नका. तुमच्या घरात मुक्ताईचं काम कोणीतरी करतं आहे.

आता नम्रता मुद्दाम आणता येते का? भाव मुद्दाम आणता येत नाही. आणायला गेलं की 'मी पामर, मी संतांच्या पायाची धूळ' अशी भाषा तेवढी येते. ती खरी की वरवरची हे ओळखायचं असेल तर समोरचा म्हणाला, 'हो, तुम्हाला अजून समजत नाही', तर पोटात काय होतं ते पाहा. पण कृती मुद्दाम करता येते आणि संप्रदायाने ती शिकवूनच ठेवली आहे. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते तेव्हा दोघं एकमेकांच्या पाया पडतात. देणारा सत्तर वर्षांचा असो, घेणारा मिसरूड न फुटलेला, दोघंही वाकतात. वाकण्याआधी कोणाच्या मनात काय होतं हे कोणी विचारत नाही. तुकोबा वाळवंटातल्या वैष्णवांबद्दल हेच सांगतात:

क्रोध अभिमान केला पावटणी ।
एक एका लागतील पायीं रे ॥

आणि त्याच अभंगात पुढे: 'वर्ण अभिमान विसरली याति, एक एकां लोटांगणीं जाती रे'. क्रोध आणि अभिमान पायांखाली पायरीसारखे घातले आणि वर चढले. ते नाहीसे होण्याची वाट पाहत बसले नाहीत. दुसरी कृती सेवा, पण जिचा फोटो निघत नाही ती. बिछायत झटकणं, टाळ पुसून जोड्या लावून ठेवणं, पंगत उठल्यावर पत्रावळी उचलणं. पांडवांच्या राजसूय यज्ञात कृष्णाने पाहुण्यांचे पाय धुण्याचं काम घेतलं, असं भागवत सांगतं. अग्रपूजेचा मान ज्याला मिळाला त्यानेच.

इथे एक सावधगिरी सांगणं मला फार गरजेचं वाटतं, कारण नम्रतेच्या नावाखाली आपल्याकडे पुष्कळ अन्याय झाला आहे. चोखोबांना देवळाबाहेर ठेवणाऱ्यांनीही त्यांना 'पायरी ओळखून राहा' हेच सांगितलं असेल. चोखोबा नम्र होते, पण मुके नव्हते. 'धांव घाली विठू आता, चालू नको मंद, बडवे मज मारिती, ऐसा काही तरी अपराध' हे देवळातल्या पुजाऱ्यांविरुद्ध, बडव्यांविरुद्ध, त्यांचंच गाऱ्हाणं आहे. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हा प्रश्नही त्यांचाच. त्या दारात अहंकार कोणाचा होता, आतल्यांचा की बाहेरच्याचा, हे वेगळं सांगायला नको. ते दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावं लागलं, इतकी शतकं तो सोवळेपणाचा गर्व टिकला. म्हणून कोणी बुवा, कोणी महाराज तुमच्याकडे नम्रता मागू लागला, प्रश्न विचारणं म्हणजे अहंकार असं म्हणू लागला, तर तिथून उठावं. नम्रता देण्याची गोष्ट आहे, वसूल करण्याची नाही.

तुकोबांच्या बोलण्यात 'वेदाचा तो अर्थ आम्हांसीच ठावा, येरांनी वहावा भार माथां' अशी धार आहे, आणि तेच तुकोबा 'फोडिले भांडार धन्याचा हा माल, मी तंव हमाल भारवाही' म्हणतात. अनेकांना हे परस्परविरोधी वाटतं. मला नाही वाटत. माल धन्याचा आहे म्हणून हमाल त्याबद्दल ठामपणे बोलू शकतो, त्यात त्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नसतं. ज्या रामेश्वर भटांनी त्यांना विरोध केला, त्यांनीच पुढे 'आरती तुकारामा' लिहिली. तुकोबांनी जुना हिशोब काढला असता तर ती आरती आपल्याला मिळाली नसती. तुम्हीही ज्ञानेश्वरीबद्दल ठाम राहा. उच्चार चुकला तर चुकला म्हणा. फक्त तो माल आपला समजू नका.

तर आता करायचं ते असं. कमिटीची बैठक होईल तेव्हा एकदाच, शांतपणे, सगळ्यांसमोर सांगा की बदल करायला हरकत नव्हती, पण मला आधी सांगायला हवं होतं. उत्तर काहीही मिळो, विषय तिथे मिटवा. पारावर, फोनवर पुन्हा काढू नका. त्याच्या आधी, बैठकीची वाट न पाहता, त्या मुलाच्या घरी जा. तो तुमच्या पाया पडेल, तुम्हीही पडा. तुमच्या पोथीत समासात ज्या खुणा केल्या आहेत, कुठे श्वास घ्यायचा, कुठली ओवी दोनदा म्हणायची, त्या त्याला दाखवा. त्याचे उच्चार चुकत असतील तर तिथेच, दोघंच असताना सांगा आणि आळंदीला त्याला काय वेगळं शिकवलं तेही विचारा. त्यातलं एखादं तुमच्यापेक्षा बरोबर निघेल.

पुढच्या वर्षी कमिटीने पुन्हा तुम्हालाच व्यासपीठावर बसायला सांगितलं तर आढेवेढे न घेता हो म्हणा. लोकांकडून आग्रह करून घेणं हाही मान मागण्याचाच प्रकार आहे. मात्र त्या मुलाला शेजारी बसवा आणि निम्मे अध्याय त्याच्याकडून म्हणवून घ्या. नाहीच सांगितलं तर काकड्यापासून काल्यापर्यंत मंडपात बसा, आपली पोथी मांडीवर घेऊन, मागच्या रांगेत.